कोलोरॅडोच्या डोंगरात जुना डेक बदलताय? फळ्या सगळ्यात शेवटी निवडा

डेक बदलायचा म्हटलं की पहिल्याच शनिवारी सगळे दुकानात जाऊन फळ्यांचे नमुने घेऊन येतात, मग राखाडी घ्यायचा की तपकिरी यावर घरात आठवडाभर चर्चा, आणि बजेट तिथेच संपतं. खाली सपाटीवर ऑरोरात वगैरे घर असेल तर चालून जातं. पण एव्हरग्रीन, कॉनिफर, नेदरलँड असं कुठेतरी सात-आठ हजार फुटांवर, पाइनच्या झाडीत घर असेल तर फळी ही शेवटी ठरवायची गोष्ट आहे. इथे डेकला त्रास दोघांचा, बर्फाचा आणि वणव्याचा, आणि दोघंही डेकला एकाच दोन जागी पकडतात. एक म्हणजे डेक घराला जिथे चिकटतो तो पहिला फूटभर पट्टा, आणि दुसरी फळ्यांच्या खालची बाजू. पैसे तिथे घाला, वरचा रंग काय कुठलाही चालेल.

वणवा उन्हाळ्यातच लागतो असं डोक्यात असेल तर ते काढून टाका. बोल्डरजवळचा मार्शल फायर ३० डिसेंबर २०२१ ला लागला, ताशी १०० मैलांच्या वर वारा, एका दिवसात हजारावर घरं गेली, आणि लगेच दुसऱ्या दिवशी त्याच राखेवर बर्फ पडला. त्याच्या आदल्या वर्षी ईस्ट ट्रबलसम वणवा ऑक्टोबरमध्ये पेटला होता आणि कॉन्टिनेन्टल डिव्हाइड, म्हणजे रॉकीजची मुख्य पाणलोट रांग, ओलांडून एस्टेस पार्कच्या बाजूला आला. म्हणजे बर्फाचा सीझन वेगळा आणि आगीचा वेगळा असं इथे काही नाही, एकाच डेकने दोन्ही झेलायचं. आणि घरं पेटतात ती बहुतेक वेळा ज्वाळांची भिंत चालून येऊन नाही, तर वाऱ्याबरोबर लांबून उडत आलेल्या ठिणग्यांनी. ठिणगी डेकच्या फटीत नाहीतर कोपऱ्यात साठलेल्या पाइनच्या सुयांवर पडते, डेक पेटतो, आणि डेक घराला चिकटलेला असतो. बस.

आधी जुना डेक बघून घ्या. इथले सत्तर-ऐंशीच्या दशकातले डेक बरेचसे रेडवुडचे आहेत आणि रेडवुड वरून करडं पडलं तरी आतून कधीकधी टणटणीत असतं, त्यामुळे नुसतं वरून बघून काही कळत नाही. एक जाड स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि खाली जाऊन टोचत सुटा. पोस्ट, म्हणजे खांब, जमिनीला टेकतात तिथे, जॉइस्टच्या, म्हणजे फळ्यांखालच्या आडव्या तुळयांच्या, वरच्या कडेला, आणि मुख्य म्हणजे लेजरला, म्हणजे घराच्या भिंतीवर आडवी ठोकलेली ती जी फळी असते तिला. टोक सहज आत गेलं की लाकूड भुसभुशीत झालंय. लेजर नुसत्या खिळ्यांवर लटकलेला दिसला, बोल्ट एकही नाही, तर त्याच दिवसापासून त्या डेकवर माणसं नेणं बंद करा, कारण डेक कोसळतात तेव्हा बऱ्याचदा इथूनच सुटून कोसळतात. गणपतीत आरतीला सगळे डेकवर उभे राहतात ना, ते आठवा.

दुसरा प्रश्न असा की डेक हवाच आहे का? हे कुठलाच काँट्रॅक्टर तुम्हाला विचारणार नाही. डेक जमिनीपासून दीड-दोन फुटांवरच असेल तर माझं मत सरळ आहे, डेक काढा आणि खडी-दगड-पेव्हरचा पॅटिओ करा. पेटत नाही, कुजत नाही, बर्फाचं वजन जमीन घेते, आणि खाली उंदीर आणि पाइनच्या सुया जमायला जागाच राहत नाही. फक्त उतार घरापासून लांब ठेवायचा म्हणजे वितळलेलं पाणी फाउंडेशनकडे येत नाही. उतारावरचं घर असेल आणि दार जमिनीपासून आठ फुटांवर उघडत असेल तर मात्र डेकला पर्याय नाही, पुढचं सगळं तुमच्यासाठी.

परमिट घ्या. "आधी होताच की डेक, नुसता बदलतोय" हे काउंटीत चालत नाही, फ्रेम बदलली की परमिट लागतंच, आणि खरं सांगायचं तर डोंगरात इन्स्पेक्टर हा तुमचा फुकटचा दुसरा डोळा असतो. साधारण तीन वेळा येतो, खड्डे खणल्यावर काँक्रीट ओतायच्या आधी, फ्रेम झाल्यावर फळ्या लावायच्या आधी, आणि शेवटी. काउंटीला दोन गोष्टी पहिल्या फोनमध्येच विचारा, माझ्या पत्त्यावर स्नो लोड, म्हणजे बर्फाचं वजन, किती धरायचा आणि वणव्याच्या झोनसाठी डेकचे कुठले नियम लागू आहेत. दोन्ही उत्तरं उंचीप्रमाणे आणि दरीप्रमाणे बदलतात, शेजारच्या गावातल्या मित्राचा आकडा तुमच्या कामाचा नाही. एचओए, म्हणजे घरमालकांची सोसायटी, असेल तर त्यांची मंजुरी वेगळी, ती बिचारी सगळ्यात उशिरा येते. बोल्डर काउंटीत राहत असाल तर वाइल्डफायर पार्टनर्स म्हणून काउंटीचाच कार्यक्रम आहे, त्यांचा माणूस घरी येऊन कुठे काय पेटेल ते दाखवून जातो, डिझाइन पक्कं करायच्या आधी बोलवा.

आता वजन. साध्या डेकचं डिझाइन स्क्वेअर फुटाला ४० पौंड धरून करतात, माणसं, खुर्च्या, ग्रिल वगैरे. जानेवारीतला भुरभुरीत बर्फ घनफुटाला चार-पाच पौंडच भरतो, त्याचं काही नाही. पण इथला खरा बर्फ मार्च-एप्रिलचा, ओला, चिकट, आणि दबून बसलेला असेल तर घनफुटाला २० पौंडांच्या आसपास. तीन फूट साठला की झाले ६० पौंड. १२ बाय १६ चा डेक म्हणजे १९२ स्क्वेअर फूट, हिशोब करा, साडेअकरा हजार पौंड, पाच टनांच्या वर. आणि तीन फूट ही काही गोष्टीतली रक्कम नाही, मार्च २००३ च्या वादळात खाली डेन्व्हरमध्येच ३१.८ इंच पडला होता, वर डोंगरात काही ठिकाणी सहा फुटांच्याही वर. त्यात छत पत्र्याचं असेल आणि उतार डेकच्या दिशेने असेल तर छतावरचा अख्खा थर एकदम घसरून डेकवर आदळतो, तो धक्का वेगळाच. म्हणून जिना छताच्या कडेखाली कधीच घेऊ नका आणि शक्य असेल तर छतावर बर्फ अडवणारे स्नो गार्ड लावून घ्या. ४० च्या वरचा लोड निघाला की तक्ते वापरताना जपून, आयआरसी या घरबांधणीच्या नियमावलीतल्या डेकच्या तक्त्यांमध्ये ७० पौंडांपर्यंतचा स्नो लोड दिलाय, त्याच्यापुढे स्ट्रक्चरल इंजिनिअरचा शिक्का घ्या. अमेरिकन वूड काउन्सिलची डीसीए ६ नावाची गाइड फुकट मिळते, चित्रं छान आहेत, पण ती साध्या लोडसाठी आहे हे विसरू नका.

तोडफोड वरून खाली करायची. रेलिंग, फळ्या, जॉइस्ट, बीम, पोस्ट, या क्रमाने, आणि जॉइस्ट निघेपर्यंत लेजरला हात लावायचा नाही. एक महत्त्वाचं, जुनं लाकूड हिरवट झाक असलेलं ट्रीटेड, म्हणजे कुजू नये म्हणून औषध मुरवलेलं, असेल आणि २००४ च्या आधीचं असेल तर त्यात आर्सेनिक असण्याची शक्यता मोठी, ते शेकोटीत नाहीतर फायरप्लेसमध्ये अजिबात जाळू नका, कापताना मास्क घाला आणि लँडफिलला द्या. लेजर काढल्यावर त्याच्यामागची साइडिंग, म्हणजे भिंतीचं बाहेरचं आवरण, आणि रिम जॉइस्ट, म्हणजे घराच्या मजल्याच्या कडेची तुळई, नीट बघा. इथे पंधरा-वीस वर्षांचं पाणी झिरपलेलं सापडू शकतं, म्हणून बजेटमध्ये थोडी रक्कम या भिंतीसाठी बाजूला ठेवाच.

खणायच्या आधी ८११ ला फोन, फुकट आहे, गॅस आणि विजेच्या लायनी खुणा करून देतात. डेन्व्हरच्या भागात फ्रॉस्ट डेप्थ, म्हणजे जमीन गोठते ती खोली, ३६ इंच धरतात, फुटिंगचा, म्हणजे पोस्टखालच्या काँक्रीटच्या पायाचा, तळ त्याच्या खाली गेला पाहिजे, नाहीतर जमीन गोठून फुगते आणि पोस्ट वर ढकलते, मग वसंतात डेकचा एक कोपरा वर आणि दार अडकतंय. डोंगरात मात्र दीड फुटावर ग्रॅनाइट लागतो. तिथे जॅकहॅमर घेऊन लढत बसण्यापेक्षा खडकात भोक पाडून सळई इपॉक्सीने बसवतात आणि त्यावर काँक्रीट उभं करतात, फक्त त्यासाठी इंजिनिअरचं पत्र लागतं. उलट पायथ्याशी फुगणारी चिकणमाती असते, तिथे स्क्रूसारखे फिरवत आत घालायचे हेलिकल पायर बरे. पोस्ट ६ बाय ६ चेच घ्या, आणि काँक्रीटमध्ये पुरू नका, धातूच्या बेसवर इंचभर उचलून ठेवा म्हणजे बुडाशी बर्फाचं पाणी मुरत नाही.

लेजर. इथे घाई केलीत तर बाकीचं सगळं वाया. लेजर साइडिंगवर बसवायचा नाही, साइडिंग कापून थेट रिमवर, अर्ध्या इंचाचे लॅग स्क्रू किंवा बोल्ट, वर-खाली असे नागमोडी, अंतर तक्त्याप्रमाणे. विटेच्या व्हिनिअरवर लेजर चालत नाही, बाहेर लटकलेल्या बे विंडोखालच्या भागावरही नाही. वरून धातूचं फ्लॅशिंग, म्हणजे पाणी बाहेर वळवणारी पत्र्याची पट्टी, जे भिंतीच्या वॉटर बॅरिअरच्या, म्हणजे साइडिंगखालच्या पाणी अडवणाऱ्या थराच्या, मागे गेलं पाहिजे आणि लेजरच्या पुढे येऊन खाली वळलं पाहिजे. उघडं अॅल्युमिनिअम नको, आताच्या ट्रीटेड लाकडात तांबं असतं आणि ते अॅल्युमिनिअम खाऊन टाकतं, गॅल्व्हनाइज्ड घ्या. हे फ्लॅशिंग तसं पाण्यासाठी सांगतात, पण ठिणग्या नेमक्या याच कोपऱ्यात येऊन साठतात, त्यामुळे तोच पत्रा आगीपासूनही भिंत वाचवतो. त्याच्यावर भिंतीचा किमान सहा इंच पट्टा फायबर सिमेंट, दगड किंवा पत्र्याचा करून घ्या, लाकडी साइडिंग डेकच्या फळीपर्यंत खाली आणू नका. आणि डेकची पातळी दाराच्या उंबऱ्यापेक्षा पाच-सहा इंच खाली ठेवा. एका पातळीत फोटोत छान दिसतं, पण मार्चमध्ये दाराला टेकलेला बर्फ वितळून हॉलमध्ये येतो.

दुसरा मार्ग म्हणजे लेजरच नको, डेक स्वतःच्या पायांवर उभा. मला हा जास्त आवडतो, भिंतीला भोकं नाहीत, घर आणि डेक वेगळे. पण घराजवळचे फुटिंग भरावाच्या मातीत येतात, ते घट्ट जमिनीपर्यंत खोल न्यावे लागतात आणि तिरके ब्रेसिंग लागतं, त्यामुळे खर्च वाढतो. लेजर ठेवलात तर आडव्या खेचेसाठी टेन्शन टाय विसरू नका, जॉइस्टमधून घराच्या फ्लोअरला बांधणारे.

जॉइस्टमधल्या अंतरावर बर्फ आणि वणवा या दोघांचं भांडण लागतं. आयबीएचएस म्हणून विमा कंपन्यांची संशोधन संस्था आहे, त्यांची साउथ कॅरोलायनात मोठी लॅब आहे जिथे अख्ख्या घरांवर पंख्यांनी ठिणग्या उडवून बघतात. त्यांचं म्हणणं असं की फळ्यांमधली फट पाव इंच ठेवा आणि जॉइस्ट २४ इंचांवर ठेवा, कारण ठिणगी जिथे फळी जॉइस्टवर टेकते त्या खाचेत अडकून धुमसते, अशा खाचा जितक्या कमी तितकं बरं. बर्फ म्हणतो बरोबर उलट, जॉइस्ट १६ इंचांवर, नाहीतर १२ वर, आणि काँपोझिट फळ्यांच्या कंपन्याही साधारण १६ च्या वर जाऊ देत नाहीत. इथे बर्फाचं ऐकायचं, डेक पडून चालणार नाही. मग ठिणगीचं काय, तर प्रत्येक जॉइस्टच्या माथ्यावर फॉइल लावलेली चिकट टेप, बिटुमेनवाली, दोन्ही बाजूंना थोडी खाली वळवून. पाण्यापासून जॉइस्टचा माथा कुजत नाही आणि ठिणगीला खाली लाकूडच मिळत नाही. अख्ख्या कामात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी गोष्ट हीच, आणि काँट्रॅक्टरच्या कोटेशनमध्ये हीच नसते, लिहून घ्या. साधी प्लास्टिक पाठीची टेप मिळते ती नको, फॉइलवालीच. पाव इंचाच्या फटीवर मात्र दोघंही खूष, पाणी निथळतं आणि कचरा खाली पडतो.

फ्रेम स्टीलची करता आली तर उत्तमच, कुजत नाही, पेटत नाही, स्पॅनही चांगले मिळतात, फक्त काम येणारा माणूस मिळायला वेळ लागतो. आग-रोधक ट्रीटमेंट केलेलं लाकूडही मिळतं, पण त्यावर बाहेरच्या वापराचा शिक्का बघा, आतल्या वापराचं असेल तर दोन हिवाळ्यांत औषध धुऊन जाईल, आणि या लाकडाची ताकद थोडी कमी धरावी लागते म्हणजे स्नो लोडचा हिशोब परत करायचा. हँगर, म्हणजे जॉइस्ट पकडणारे धातूचे खोबणे, स्क्रू सगळे हॉट-डिप गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस. चकचकीत साधे स्क्रू तांब्याच्या लाकडात गंजून जातात.

आता या फळ्यांकडे. सीडर-रेडवुड दिसायला छान, पण इथल्या झाडीत मी लावणार नाही. साध्या काँपोझिटला बर्फाचा त्रास नाही, पण ते लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक आहे, एकदा नीट पेटलं की वितळून थेंब खाली पडतात. "क्लास ए" लिहिलेलं असलं तरी ती चाचणी ज्वाळा पृष्ठभागावर किती पसरते याची आहे, फटीत अडकलेल्या ठिणगीची नाही. विचारायचं असेल तर कॅलिफोर्नियाच्या वणव्याच्या चाचणीत पास आहे का ते विचारा, तिथले नियम कडक आहेत आणि यादी मिळते. इपे हे ब्राझीलकडचं लाकूड इतकं घट्ट की पटकन पेटत नाही, महाग आणि जड, प्रत्येक स्क्रूला आधी भोक पाडावं लागतं. अॅल्युमिनिअमच्या फळ्या आगीला सगळ्यात चांगल्या, हिवाळ्यात खरखरीत फिनिश असलेल्याच घ्या, नाहीतर सकाळच्या दवाच्या बर्फावर घसराल. सगळा डेक अॅल्युमिनिअमचा परवडत नसेल तर भिंतीलगतच्या पहिल्या एक-दोन फळ्या तरी धातूच्या घ्या.

जिन्यासाठी माझं आवडतं म्हणजे स्टीलची जाळी, कारखान्यात पायऱ्यांना असते तशी. बर्फ खाली पडतो, घसरत नाही, पेटत नाही. दिसायला राकट आहे, आणि चपलांच्या हिल अडकतात अशी तक्रार येईल.

रेलिंग जमिनीपासून ३० इंचांच्या वरच्या डेकला लागतंच, उंची किमान ३६, फट चार इंचांपेक्षा कमी. धातूचे गज किंवा केबल घ्या. आणि डोंगरातले जुने लोक करतात ती युक्ती, एका बाजूचा एक पॅनेल काढता येईल असा ठेवा, म्हणजे हिवाळ्यात बर्फ रेलिंगवरून उचलून फेकायचा नाही, सरळ ढकलून द्यायचा. पाठीला ते कळेल. उन्हाळ्यात मात्र तो पॅनेल बोल्टने घट्ट हवा. खाली बर्फ पडेल तिथे गॅसचा मीटर किंवा प्रोपेनची टाकी नाही ना ते आधी बघा.

डेकखाली काही म्हणजे काही ठेवू नका. सरपण, कार्डबोर्डचे खोके, मुलांची जुनी सायकल, काही नाही. गवत काढून खडी, आणि ती खडी डेकच्या कडेच्या पुढे पाच फूट. डेक चार फुटांपेक्षा बुटका असेल तर भोवती एक अष्टमांश इंच भोकांची धातूची जाळी लावा, ठिणगी आत जात नाही आणि हवा खेळते. प्लास्टिकची नक्षीदार लॅटिस ही जाळी नव्हे, ती सरपणच.

वरच्या सामानातही आपल्या घरांचे काही खास प्रकार असतात. दारातलं काथ्याचं पायपुसणं, सुकलेलं झेंडूचं तोरण जे दसऱ्यापासून तसंच लटकतंय, कागदी आकाशकंदील, भिंतीला टेकवलेली प्लास्टिकच्या कुंडीतली तुळस. इथलं ऊन आणि कोरडी हवा बघून भारतातून आलेल्या आईंना कुरडया घालायचा मोह होतोच, घालू द्या, दोन दिवसांत खडखडीत वाळतात, पण जुन्या चादरी नंतर आत. पणत्या डेकवर नको, पायरीच्या दगडावर ठेवा.

वेळेचं गणित असं की परमिटचे कागद फेब्रुवारीतच टाका, जमीन मोकळी झाली की मेमध्ये खणा, जुलै-ऑगस्टमध्ये रोज दुपारी विजांचा पाऊस येतो, इथेही त्याला मान्सून म्हणतात, त्याच्या आत फ्रेम उभी राहिली तर बरं. ऑक्टोबरवर काम ढकलू नका, तापमान ४० फॅरनहाइटच्या खाली गेलं की काँक्रीट झाकून जपावं लागतं. रेड फ्लॅग वॉर्निंगच्या, म्हणजे वणव्याच्या धोक्याच्या इशाऱ्याच्या, दिवशी ग्राइंडर आणि वेल्डिंग बंद, मजुरी गेली तरी चालेल.

फळ्या लावायच्या आदल्या संध्याकाळी सगळ्या फ्रेमचे फोटो काढा, लेजरचे बोल्ट, फ्लॅशिंग, जॉइस्टवरची टेप, टेप मेजर बाजूला धरून, कारण एकदा फळ्या बसल्या की हे कोणालाच दिसत नाही, आणि विम्याचं नूतनीकरण आलं की वणव्यासाठी काय काय केलंय हे विचारतात तेव्हा तेच पाठवायचे. पहिला हिवाळा झाला की खाली जाऊन बोल्ट परत आवळा, लाकूड सुकून आक्रसतं. फावडं प्लास्टिकचं, फळीच्या लांबीच्या दिशेने. आणि दर महिन्याला, वाऱ्याच्या दिवसांत जास्त, पातळ पट्टीने फटींमधल्या पाँडेरोसा पाइनच्या सुया काढून टाका, लांबलचक असतात आणि फटीवर आडव्या बसतात, ब्लोअरने सगळ्या निघत नाहीत.